पडद्यावरून पुसली जाणारी ओळ

जयवंता गजभियेला एखादी शंका आली की तिला खुर्चीत बसवत नसे. उठायची, खिडकीपर्यंत जायची, परत यायची, हातातला कागद पुन्हा वाचायची. नागपुरात धंतोलीतल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमचं केंद्र होतं. खोल्या तीनच, त्यामुळे तिच्या चपलांचा आवाज सगळ्यांना ऐकू येई. आतल्या खोलीतून डॉक्टर वामनराव विचारायचे, "बाईंना आज काय सापडलं?" आणि आम्ही हसायचो. बहुतेक वेळा काहीतरी सापडलेलं असायचंच. यादीत एकाच माणसाचं नाव दोनदा आलेलं, नाहीतर सात वर्षांच्या मुलीपुढे 'विवाहित' लिहिलेलं.

१९८९च्या नोव्हेंबरात तिला जे सापडलं, त्याला कारण मी होतो. म्हणून हे मीच लिहायला हवं.

आमचं काम सिकलसेलचं. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे ठणकतात, लेकरं वरचेवर अंथरुणाला खिळतात. विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आहे. ज्याला आईकडून किंवा बापाकडून, एकाकडूनच तो मिळतो, तो वाहक. त्याला स्वतःला काही होत नाही, म्हणून त्याला पत्ताही नसतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक लेकरामागे चारात एक धोका. सिंधूताई नावाच्या आमच्या परिचारिका गावोगाव फिरून रक्ताचे नमुने आणत. तपासणी झाली की प्रत्येकाचं एक कार्ड बनायचं. पाच वर्षांत अकरा हजार कार्डं झाली होती, पत्र्याच्या पेट्यांमध्ये गावाप्रमाणे लावलेली. लोक लग्न जुळवण्याआधी यायचे. "पोरीचं जमवून राहिलो, पोराचं पाहून द्या," म्हणायचे. आम्ही चिठ्ठी लिहून द्यायचो आणि तिची कार्बनप्रत ठेवायचो.

जयवंता पाचपावलीची. बाप गिरणीत होता, तो ती कॉलेजात असतानाच गेला. आई पंचफुलाबाई विड्या वळायची. जयवंतानं टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या आणि चौऱ्याऐंशी साली केंद्रात टायपिस्ट म्हणून लागली. एकोणनव्वदच्या सुरुवातीला एका दानशूर गृहस्थानं केंद्राला कॉम्प्युटर दिला, तेव्हा तो शिकायला कोण जाणार हा प्रश्न आला. ती म्हणाली, "मी जातो." तीन महिने सीताबर्डीवर एका क्लासला गेली. तिथल्या मास्तरांनी सांगितलेलं प्रत्येक अक्षर तिनं वहीत उतरवलं. मग अकरा हजार कार्डं एकटीनं मशीनमध्ये भरली. ऑक्टोबरपासून आम्ही चिठ्ठ्या पेट्या न उघडता, मशीनवर पाहूनच द्यायला लागलो. ज्या कामाला आधी अर्धा तास लागायचा ते दोन मिनिटांत व्हायचं.

अहवाल लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. मी हातानं काढून पाठवलेले आलेख, ज्यांना आमचे अहवाल जायचे त्या दिल्लीच्या कार्यालयातून परत आले. सोबत एक ओळ: कृपया नीट पाठवावेत. ते मला लागलं. बर्डीवर भैय्याजी नावाचे एक गृहस्थ कॉम्प्युटरचं सामान विकायचे. त्यांच्याकडे आलेख काढणारा प्रोग्राम आला होता. डॉक्टरांना सांगून मी तो मागवला.

नऊ नोव्हेंबरला, गुरुवारी, भैय्याजी सहा फ्लॉप्या घेऊन आले. एकेक फ्लॉपी घातली, मशीननं काही विचारलं की एक बटण दाबलं, मधे चहा प्यायले. जयवंता बाजूला उभी होती.

"हे काय काय करून राहिलं आतमधे?" तिनं विचारलं.

"आपलं आपण करते मॅडम. कंपनीचा प्रोग्राम हाय, त्याले सगळं मालूम हाय."

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केली तर पडद्यावर निळी चौकट आली, तीत तीन नावं: यादी, पत्रं, आलेख. बाण हलवायचा आणि निवडायचं. पूर्वी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करावी लागायची. डॉक्टरांना ती चौकट फार आवडली. मला आवडली. जयवंतालाही आवडली, हे तिनंच मला नंतर सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. "मनोहरराव, सकाळी मशीन सुरू केली की एक ओळ येते आणि पुसल्या जाते."

"कसली ओळ?"

"वाचता येत नाही. येते न येते तं पडदा साफ होते आणि चौकट येते. आधी येत नव्हती ते."

"काम बंद पडलंय का?"

"नाही."

"मग राहू द्या ना."

ती गेली. मी आलेखांत बुडालो होतो. रस्त्यावर निवडणुकीचे भोंगे दिवसभर ओरडत होते, डोकं आधीच उठलेलं.

पण तिनं राहू दिलं नाही. ती सकाळी अर्धा तास आधी येऊ लागली. मशीन सुरू करायची, पडद्याजवळ तोंड नेऊन बसायची, ओळ निसटली की मशीन बंद करून पुन्हा सुरू करायची. पहिल्या दिवशी तिला एकच शब्द मिळाला: वॉर्निंग. तो तिनं कागदावर लिहून मला दाखवला. मी भैय्याजींना फोन लावला. ते म्हणाले, "बहुत मशीनवर येते साहेब, काही होत नाही." मी तेच तिला सांगितलं. ती म्हणाली, "इशारा देऊन राहिली मशीन, आणि आपण म्हणतो काही होत नाही. मंग इशारा काहून देते?" मी चिडून म्हणालो, "बाई, मला अहवाल द्यायचाय." त्यानंतर चार-पाच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. दिवसातून कितीदा तरी उठायची, मशीनपाशी जायची, उभी राहून परत यायची. तिची आई घरी म्हणायची, "बस वं जरा, पायाले भिंगरी लागली का?"

सत्तावीस तारखेला, सोमवारी, तिला ती ओळ पकडता आली. कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात पडदा थांबवायचं एक बटण असतं, हे तिला आपल्या क्लासच्या वहीत सापडलं होतं. नेमक्या क्षणी ते दाबायला तिला नऊ वेळा मशीन सुरू करावी लागली. ओळ इंग्रजीत होती. अर्थ असा की मोठ्या डिस्कसाठी, म्हणजे मशीनमधल्या माहिती साठवायच्या तबकडीसाठी, 'शेअर' नावाचा प्रोग्राम चालू असायला हवा, आणि तो चालू नाही.

वहीत पुढं सगळंच होतं. मशीन जागी होताना दोन छोट्या फायली वाचते. कोणते प्रोग्राम सोबत घ्यायचे ते त्यांत लिहिलेलं असतं. मास्तरांनी आमच्या मशीनच्या त्या दोन्ही फायली तिच्याकडून हातानं लिहून घेतल्या होत्या. तिनं फायली पडद्यावर आणल्या आणि वहीशी ताडून पाहिल्या. वहीत अकरा ओळी होत्या, पडद्यावर सात. शेअरची ओळ नव्हतीच. दुसऱ्या फायलीच्या शेवटी पडदा पुसायची आज्ञा आणि खाली ती निळी चौकट. दोन्ही फायलींवर तारीख होती नऊ नोव्हेंबर.

तिनं मला हाक मारली. या वेळी मी गेलो.

"भैय्याजीनं केलं का हे?" मी विचारलं.

"त्याईच्या प्रोग्रामनं केलं. त्याईले तरी कुठं मालूम आहे? कोणाले विचारलं नाही, कोणाले सांगितलं नाही. जुनी फाईल काढली आणि आपली ठेवली."

"पण यानं बिघडतं काय?"

तिनं मास्तरांचं वाक्य वाचून दाखवलं. आमची डिस्क मोठी आणि यादीचा प्रोग्राम जुन्या पद्धतीचा. असा प्रोग्राम मोठ्या डिस्कवर लिहायला गेला, तर एकाची माहिती दुसऱ्याच्या जागेवर लिहू शकतो. शेअर मधे उभा राहून ते अडवतो. तो नसला तर मशीन बंद पडत नाही, तक्रार करत नाही. फक्त कधीतरी चुकीच्या जागी लिहिते.

मग तिनं डिस्क तपासायची आज्ञा दिली. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकू लागल्या. ही फाईल त्या फाईलमध्ये गुंतली आहे, ती हिच्यात. फायलींना आमच्या गावांची नावं होती, ती मी इंग्रजी अक्षरांत वाचत गेलो. जयवंता उठली, पेट्यांच्या खोलीत गेली, वेगवेगळ्या गावांची दहा कार्डं उचलून आली. एकेक नाव मशीनवर काढलं. सात बरोबर निघाली. तीन चुकीची. नाव बरोबर, गाव बरोबर आणि निकाल दुसऱ्याच कोणाचा.

तिनं ती तीन कार्डं वेगळी ठेवली. मग म्हणाली, "चिठ्ठ्या."

नऊ तारखेपासून आम्ही तेवीस चिठ्ठ्या दिल्या होत्या. मंगळवारी दिवसभर तिनं आणि मी कार्बनप्रती कार्डांशी ताडल्या. चार चुकीच्या होत्या. तिघांना आम्ही वाहक नसताना वाहक म्हटलं होतं. चौथी चिठ्ठी उमरेडजवळच्या बळीराम नावाच्या कोळसा खाणीतल्या तरुणाची. चिठ्ठीत 'दोष नाही', कार्डावर 'वाहक'. त्याचं लग्न पारशिवनीकडच्या प्रेमिलाशी ठरलं होतं. प्रेमिला वाहक आहे हे तिचा बाप ताराचंद यानं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं आणि म्हणूनच मुलाची चिठ्ठी मागितली होती. लग्न रविवारी, तीन डिसेंबरला.

डॉक्टर वामनराव कपाळाला हात लावून बसले. "पत्र पाठवू," ते म्हणाले.

"रविवारपर्यंत पत्र पोचत नाही, सर," जयवंता म्हणाली. "जा लागते." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही पण चला."

बुधवारी सकाळी आम्ही तिघं, सिंधूताई, जयवंता आणि मी, उमरेडच्या एसटीत बसलो. जयवंताला बसायला जागा मिळाली होती, तरी ती बराचसा रस्ता दारापाशी उभीच होती.

बळीरामची आई रुखमाबाई अंगणात तांदूळ निवडत होती. दारावर पानांचं तोरण बांधायचं चाललं होतं. आम्हाला पाहून तिला वाटलं आम्ही लग्नाला लवकर आलो. जयवंतानं काहीही आडपडदा न ठेवता सांगितलं. आमच्या मशीनमध्ये बिघाड झाला, चिठ्ठी चुकीची गेली, जुन्या कार्डाप्रमाणे तुमचा मुलगा वाहक आहे.

रुखमाबाई उठली. "पंधरा दिवसांआधी म्हणे काही नाही. आज म्हणता हाय. उद्या काय म्हणसान? माह्या पोराचं लगन मोडाले आले का तुम्ही?"

"चूक आमची आहे, बाई," जयवंता म्हणाली. "आमच्या कोणत्याच कागदावर भरोसा ठेवू नका. रक्त पुन्हा घेऊ द्या."

बळीराम आतून बाहेर आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं बाही वर केली आणि सिंधूताईंपुढे हात धरला. आई बडबडत होती. तो म्हणाला, "घेऊ दे वं माय."

शुक्रवारी सकाळी निकाल आला. डॉक्टरांनी तपासणी स्वतः दोनदा केली होती. वाहक. बळीराम तेव्हा केंद्राच्या बाकावर बसलेला होता, पहिल्या एसटीनं आला होता. जयवंतानं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "पारशिवनीले तुम्ही जाऊन राहिले का?" ती म्हणाली, "हो, आताच." तो म्हणाला, "मी येतो. मी न जाता दुसऱ्यानं सांगणं बरं नाही."

प्रेमिलाच्या घरापुढे मांडवाचे बांबू उभे राहिले होते. ओसरीवर तिचा लहान भाऊ पडून होता, दोन्ही गुडघ्यांना फडकी बांधलेली. त्याला हाच आजार होता. बळीरामनं ताराचंदला नमस्कार केला आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. ताराचंदनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"तुमच्या चिठ्ठीवर मी पोरगी देऊन राहिलो होतो," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, ते जास्त अवघड होतं. "गावाले सांगितलं, सोयऱ्याईले सांगितलं. आता काय तोंड दाखवू?"

मी काहीतरी यंत्राबद्दल बोलायला लागलो. प्रोग्राम, डिस्क, ओळ. जयवंतानं मला थांबवलं. "त्याईले ते नको आहे, मनोहरराव."

प्रेमिला दारात उभी होती. तिनं जयवंतालाच विचारलं, "अजून कोणाकोणाले असं सांगून बसली तुमची मशीन?"

"चार जणांले चुकीचं गेलं. चौघांच्याही घरी जाणार आहोत."

"तुम्हाले काय? तुम्ही सांगसान आणि जासान."

जयवंता ओसरीच्या पायरीवर बसली. तिला अशी खाली बसलेली मी क्वचित पाहिली होती. "मी पण वाहक आहे," ती म्हणाली. "लग्नाच्या दोन जागा आल्या मले. दोन्हीकडे मीच सांगितलं. एकानं तपासायलेच नाही म्हटलं, दुसरा वाहक निघाला. राग आला होता मले, ज्यानं तपासलं त्याचाच. पण ते खरं होतं. तुमच्याशी आम्ही खोटं बोललो. ठरवून नाही, पण बोललो."

केंद्रात पाच वर्षं तिच्या शेजारी बसून मला हे माहीत नव्हतं.

प्रेमिला भावाकडे पाहत राहिली. मग बापाला म्हणाली, "बांबू काढाले लावा, बाबा." आणि बळीरामला, "तुम्ही सोता आले, ते चांगलं केलं." त्यानं मान हलवली. परत येताना एसटीत तो आमच्यापासून लांब, मागच्या बाकावर बसला.

उरलेल्या तिघांपैकी दोघं भेटले. एक जण हसला, एकानं आम्हाला हाकलून दिलं. तिसरा गवंडीकामाला रायपूरकडे गेला होता, त्याच्या भावाकडे निरोप ठेवला. पुढे त्याचं काय झालं ते कळलं नाही. बातमी मात्र पसरली. उमरेडच्या बाजूला तीन गावांनी सिंधूताईंना रक्त घेऊ दिलं नाही. डॉक्टरांना वाटत होतं की बाकीच्या एकोणीस जणांना काही कळवायची गरज नाही, त्यांच्या चिठ्ठ्या बरोबर होत्या. जयवंतानं त्यांनाही पत्रं लिहिली, टाइपरायटरवर. मशीनमध्ये बिघाड होता, आपली चिठ्ठी आम्ही मूळ कार्डाशी ताडून पाहिली आहे, ती बरोबर आहे. डॉक्टरांनी सह्या केल्या.

भैय्याजींना मी बोलावलं. त्यांनी जुनी वही आणि नवी फाईल शेजारी ठेवून पाहिली, चष्मा काढला, पुन्हा घातला. "हे असं करते हे मलेच मालूम नव्हतं," ते म्हणाले. "अजून सहा ठिकाणी टाकला मी हा प्रोग्राम." त्याच दुपारी ते त्या सहा ठिकाणी जायला निघाले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. कंपनीला लिहिलेल्या पत्राचं उत्तर आलं नाही.

जयवंतानं शेअरची ओळ परत घातली, निळी चौकट काढली. नऊ तारखेच्या आधी यादीची नक्कल करून ठेवलेल्या फ्लॉप्या चांगल्या होत्या, त्यांवरून यादी पुन्हा चढवली. तरी तिचं समाधान झालं नाही. अकरा हजार कार्डं मशीनशी ताडायला तिनं सुरुवात केली. रोज दीडशे. कार्ड मी वाचायचो, ती पडदा पाहायची. माझे आलेख पुन्हा हातानंच गेले. यापुढे कोणताही प्रोग्राम टाकायचा तर आधी त्या दोन फायली कागदावर छापायच्या, नंतर पुन्हा छापायच्या आणि ओळीमागून ओळ ताडायची, असा नियम तिनं केला. डॉक्टरांनी तो मुकाट्यानं मान्य केला.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रेमिला भावाला घेऊन केंद्रात आली. डॉक्टर मुलाला तपासत होते. ती जयवंताच्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "माहं दाखवा. मशीनमधलं आणि कार्डावरचं, दोन्ही."

जयवंतानं दोन्ही दाखवलं. प्रेमिलानं बोट ठेवून, अक्षरामागून अक्षर वाचलं.

"आता त्याईचं." म्हणजे बळीरामचं.

"दुसऱ्याचं नाही दाखवता येत."

"बरोबर आहे." ती जराशी थांबली. "ते दोनदा आले होते घरी. बाबाले भेटून गेले. म्हणते, चारातून एक. म्हणजे तीन तं चांगले राहते ना?"

मी कार्ड वाचायचं थांबवून ऐकत होतो. मला वाटलं, जयवंता आता काहीतरी दिलासा देईल. त्या क्षणी मी असतो तर दिला असता.

"तसं नसते," ती म्हणाली. "हर वेळी नव्यानं चारातून एक. तीन चांगले होतील असं कुठं लिहून नाही. चारही चांगले होऊ शकते. पहिलाच दुखणाईत होऊ शकते."

प्रेमिलानं मान खाली घातली. "माह्या मनात तुमच्यावर राग आहे अजून," ती म्हणाली.

"राहू द्या."

आतून डॉक्टरांनी हाक मारली. प्रेमिला आत गेली, भावाला कडेवर घेतलं आणि औषधाची पुडी पदरात बांधली. तिचं लग्न पुढच्या वर्षी कामठीच्या एका शिक्षकाशी झालं. तो तपासणीला स्वतः आला होता, आणि 'दोष नाही' ही त्याची चिठ्ठी जयवंतानं पेटीतलं कार्ड हातात धरून लिहिली.